कुत्र्यांचं काय

हॉलची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मला माहीत:
त्या दिवशी अकरा खुर्च्या मांडल्या होत्या
आणि नऊ मुलं आली.
एक जण बापाबरोबर सीलच्या मागे गेलेला,
एकीला लाज वाटली.

उम्मान्नाकहून निघालेलं हेलिकॉप्टर
वाऱ्यानं दोन दिवस अडवून ठेवलं.
तिसऱ्या दुपारी, म्हणजे अंधारातच
(जानेवारीत आमच्याकडे दुपार ही फक्त घड्याळातली गोष्ट),
ते उतरलं आणि आतून आली आविआया,
हान्सिनाची धाकटी.
गावाला वाटलेलं, कोणी मोठं माणूस येणार.

मागच्या वर्षी नूकहून एक साहेब आले होते.
पडद्यावर वर वर जाणारे बाण,
सगळे दात दाखवणारी माणसं.
मुलांनी बिस्किटं संपवली.

आविआयानं पडदा मागितला नाही.
खिशातून एक बोल्ट काढला, अंगठ्याएवढा, काळपट,
आणि पहिल्या रांगेत फिरवायला दिला.
"झिजला म्हणून मी हा काढला," ती म्हणाली,
"काढला नसता, तर कोणीतरी घरी पोचलं नसतं.
कोण, ते मला कधीच कळणार नाही.
हेच माझं काम."

मग तिनं ते सांगितलं
जे आम्ही तिच्यासमोर कधी काढत नव्हतो:
सतराव्या वर्षी डेन्मार्कला गेली,
सातव्या महिन्यात परत आली.
तिथली झाडं अंगावर यायची.
क्षितिज कुठे ठेवलंय, विचारायचं कोणाला?
वर्गात प्रश्न कळायचा, उत्तरही यायचं,
पण ओठांपर्यंत येता येता
त्या भाषेचा खडा व्हायचा.
परतली तेव्हा धक्क्यावर कोणी काही म्हणालं नाही.
त्या न म्हणण्याचं ओझं घेऊन
ती दोन वर्षं कारखान्यात हॅलिबट कापत राहिली.

तेव्हा तिच्या शेजारी मी असायचे.
एकदा पट्टा बंद पडला.
मेकॅनिक यायला चार दिवस, मासे सडायला दोन.
तिनं झाकण उघडलं.
मला वाटलं, बोटं घालवून बसेल ही पोरगी.
संध्याकाळी पट्टा सुरू झाला,
आणि ती मात्र थांबली,
सुरी हातात, मान कलती,
त्या घरघरीत कोणी आपलं नाव घेतल्यासारखी.
वसंतात पुन्हा गेली.
हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं.
ही गोष्ट आहे, सांगण्याजोगी,
हे मात्र त्या हॉलमध्ये कळलं.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून माझा भाचा,
उल्लोरिआक, वर्षभर वर्गात न बोललेला,
म्हणाला, "आणि कुत्र्यांचं काय?"

मुलं हसली. ती हसली नाही.
त्याच्याकडे नऊ आहेत. बाप बर्फाखाली गेल्यापासून
तोच मासे तोडतो, तोच घालतो,
रात्री वारा सुटला की तोच उठून पाहून येतो.

"माझी सात होती," आविआया म्हणाली.
"पाच विकली. दोन म्हातारी होती,
त्यांना मामानं गोळी घातली. मीच सांगितलं होतं.
याच्यावर तोडगा सापडला, असं मी म्हणणार नाही.
साखळ्या अजून आईच्या घरामागे आहेत.
आले की गंज काढते."

हीटरचा आवाज तेवढा उरला.
मुख्याध्यापिका चुळबुळल्या,
असं काही मुलांना सांगायचं नसतं बहुतेक.

सकाळी इंजिन तपासताना
तिला टॉर्च धरायला कोणीतरी हवं होतं.
उल्लोरिआकनं धरला.
चाळीस मिनिटं, उणे एकोणतीसमध्ये, हात न हलवता.
त्यानं काहीतरी विचारलं, तिनं बोट ठेवून दाखवलं.
काय, ते वाऱ्यानं मला ऐकू दिलं नाही.

रात्री कुत्र्यांना घालून तो आत आला,
बूट न काढताच टेबलाशी बसला.
"मावशी, नऊ कुत्र्यांना
आठवड्याला किती मासे लागतात,
हे कुठेच लिहिलेलं नाही.
कोणत्या कुत्र्याला कोणाशेजारी बांधायचं नाही, तेही.
लिहून ठेवायला हवं."

कोणासाठी, हे मी विचारलं नाही.
पेन्सिल शोधायला उठले.