चार किलोहर्ट्झ

बापूंच्या गोळ्यांच्या डबीत
मी एक नाणं ठेवलंय, तीन व्होल्टचं.
रुपयाएवढंच, जरा जाड.
लक्ष्मीपुरीतला बरगाले ते देताना म्हणाला,
"ह्याच्यावर घड्याळ चालवा, गाडीची किल्ली चालवा.
बोंब मारायला लावू नका, मरंल."

मला बोंबच हवी होती.

सकाळी साडेसात, दुपारी दोन, रात्री नऊ.
मी दुकानात दुसऱ्यांचे मोबाइल उघडून बसलेली,
आणि उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत बापू एकटे,
रक्तदाबाची गोळी विसरून
शेंगा सोलत.

बझर म्हणजे पितळेची चकती,
तिच्यावर पांढऱ्या मातीचा थर.
वीज दिली की वाकते, काढली की सरळ होते,
सेकंदाला चार हजार वेळा.
सेलाला थेट जोडली
तर डासाएवढी कुणकुणली.

सेलाचं पोट मोठं, घसा चिंचोळा.
एकदम मागितलं की धाप लागते त्याला,
तिनाचे दोन होतात, दोनाचा दीड.
म्हणून आधी कपॅसिटर लावला,
नळाला करंगळीएवढी धार असली
की रात्रभर पिंप लावून ठेवतो, तसा.
मग जळक्या सीएफएलमधली कॉइल, एक ट्रान्झिस्टर.
कॉइलला करंट पाजायचा
आणि तोंडचा घास काढावा तसा तोडायचा.
ती चवताळते.
त्या एका झटक्यात तिनाचे तीस.

तीन रात्री गेल्या.
चकतीला खोकं हवं, खोक्याला भोक.
भोक अर्धा मिलिमीटर वाढवलं
आणि आवाज असा फुटला
की पायरीवरचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडं गेलं.
लई खूश होते मी.

सकाळी साडेसात.
डबी बापूंच्या पुढ्यात. वाजली.
बापूंनी चहात खारी बुडवली.
परत वाजली.
खारी तुटून कपात पडली,
ती चमच्यानं शोधू लागले.

एकतीस वर्षं फेटलिंगला होते ते,
कास्टिंगच्या कडा छिन्नीनं, ग्राइंडरनं काढत.
कानात कापसाचे बोळे, तेही आठवलं तर.
डॉक्टरांनी काढलेला कानाचा आलेख
मी कपाटातून काढून पाहिला.
रेघ सरळ चालत येते
आणि चार हजारावर
विहिरीत उडी टाकल्यासारखी खाली जाते.

नेमका तोच आकडा.
बाजारातल्या चकत्या तिथंच ओरडतात,
आणि कारखान्यानं
तिथलाच कान खाल्लेला.

चकती बदलणार होते. मोबाइलमधली थरथरणारी मोटर बसवणार होते.
तेवढ्यात भिंतीवर धाड धाड.
पलीकडच्या ताहेराभाभी, हातात लाटणं:
"काय वाजतंय हे सकाळधरनं? माझं पोरगं उठलं की!"

बापूंनी मान वर केली.
भिंतीचं त्यांना ऐकू येतं,
फरशीतून, पायातून येतं.

तेव्हापासून असंच चाललंय.
डबी ओरडते, लाटणं आपटतं,
बापू गोळी घेतात
आणि उलट भिंतीवर एक बुक्की मारतात.
घेतली म्हणून.

गेल्या आठवड्यात भाभी माहेरी गेल्या, गडहिंग्लजला.
दुपारी दुकान ओढून घेतलं, घरी आले.
डबी ओरडत होती, कोपऱ्यावरून ऐकू येत होती,
आणि बापू ती हातात धरून
उलटीसुलटी करून बघत होते.
"वाजतंय व्हय?"
मी मान हलवली.
त्यांनी भोकावर अंगठा दाबला. आवाज मेला.
अंगठा काढला.
मी कानांवर हात ठेवले.
अंगठा दाबला. काढला.
नजर माझ्या तोंडावर,
पूर्वी कास्टिंगवर हातोडी मारून
कान द्यायचे तशी.
परत दाबला, परत काढला.
सेल उतरेल, बापू, म्हणणार होते मी.

"तडा न्हाई," ते म्हणाले,
आणि डबी उघडली.