उजवीकडची चमकी

रात्री साडेअकराला अशोक चौकातलं माझं दुकान
अर्धं शटर ओढून बसलेलं
आणि आत सात माणसं एका खुर्चीवरून भांडत होती.
खुर्ची पडद्यावर होती, रिकामी.
शेजारी अप्पा कळशेट्टी,
जोधपुरी कोट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे.
दहा बाय वीस फुटांत त्यांची नुसती मिशी
माझ्या हातभर येणार होती.

पतसंस्थेचा पोटनियमच तसा:
अध्यक्ष-उपाध्यक्ष जोडीनं उभे राहणार,
शिक्का एकच.
अप्पांकडे सुताची पेढी होती, मंगळवार पेठ होती,
कन्नड बोलणारी घरं घरासकट होती.
नव्हता तो पूर्वभाग.
साखर पेठ, दत्तनगर, विडी घरकुल,
सभासद यादीची पानं एकवीस ते चौसष्ट.

"नदाफ मास्तर लाव बरं."
लावला.
"दाढी जरा हलकी होईल का?"
माझा हात माउसवर थांबला.
"राहू दे. ह्याच्यानं आपलीच दोन पानं गळतील."
पुसला.
"तो माढ्याकडचा, तालमीतला?"
"अप्पांपेक्षा उंच दिसतोय की बे."
पुसला.
नऊ माणसं त्या रात्री अप्पांच्या शेजारी
बसून उठून गेली, त्यांना पत्ताही नाही.
अप्पा एकदाच बोलले,
आगली, आगली, चहा सांगा.

मग स्टुलावरचा हिशेबनीस म्हणाला, बाई घ्या.
नरसव्वा गुंडेटी. विडीवाली.
एक हप्ता थकवला नाही बारा वर्षांत,
संपात गेटवर बसली होती एकोणीस दिवस.
बोलते का?
बोलते की. पण तेलुगूत.
मग तर बरंच, म्हणाले सगळे.

फोटो आला तो कामगार कार्डावरचा, नखाएवढा.
ताणला तर चेहऱ्याचे चौकोन झाले.
मी तासभर तिला गोळा करत बसलो,
हनुवटी, कुंकू, कानामागचे दोन पांढरे केस.
एकजण भाषणाची तयारी करत म्हणाला
ताणा आणि बाणा, ताणा आणि बाणा,
तेवढ्यात दुसरा म्हणाला
ही बाहेर कुठं बघतीय?
अप्पांकडं बघायला लाव.

मी एक बटण दाबलं.
ती वळली.
एवढं सोपं असतं ते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती दुकानात आली.
कमरेला सूप, अंगाला तंबाखूचा वास,
बोटांच्या टोकांना पानाची कात्री लागून लागून
पडलेली घट्टी.
"इदेंदिरा?"
मी म्हटलं, बॅनर आहे, अव्वा.
"ते दिसतंय मला. माझी चमकी डावीकडं कशी गेली?
माझ्या आईनं उजवीकडं टोचलीय.
डावीकडं तुमच्यातल्या बाया टोचतात."
मी काहीतरी पुटपुटलो, वरून सांगितलं, घाई होती.
"आणि मी ह्याच्याकडं काय बघतीय अशी?
ह्याच्याकडं माझं काय काम?"

तुमच्यातल्या, म्हणाली ती.
माझं आडनाव तिनं विचारलं नव्हतं.
या गावात ते दुसऱ्या वाक्यात विचारतात,
ती आधीच ओळखून होती.

मी शिडी घेऊन रात्री एकटाच गेलो.
तीन बाय चारचा तुकडा, माझ्या पैशानं,
तिच्यावर तीच डकवली.
मापात कसर राहिली आहे, मान्य,
वारं सुटलं की गालापासची कड उचलते
आणि आतली दुसरी नरसव्वा क्षणभर
अप्पांकडे बघून घेते.

अप्पांनी अजून पाहिलं नाही.
किंवा पाहून म्हणाले असतील, आगली.
ती मात्र बघते आहे रस्त्याच्या पलीकडे,
कारखान्याच्या गेटाकडे,
सकाळी पानं भिजवून, सूप घेऊन
बाया तिथूनच येतात.
काही जणी बॅनरखाली थांबतात,
मान वर करून आधी नाक बघतात.

मतमोजणी रविवारी आहे.