तासगाव, नववी ब

कालच्या सामन्याचं वर्णन लिहा, म्हटलं होतं.
एकोणचाळीस वह्यांत 'अटीतटीची झुंज',
'टाळ्यांचा कडकडाट',
आणि पलूसकडून आपण एका गुणानं हरलो, ते.

शाहीन मुजावर पाचव्या चौकोनात होती.
तिनं लिहिलंय:

माझं तोंड बाभळीकडं.
पळणारी मागं आहे का पुढं
ते मातीवरनं कळायचं.
आत्ता हात पडेल म्हणून
नुसती पाठ जागी होती.
शेवटची दोन मिनिटं
खो आलाच नाही.
बाभळीवर एक मोजा वाळत होता.

निकालाचा पत्ता नाही.
एक गुण कापावा
म्हणून लाल पेनाचं टोपण काढलं,

आणि स्टाफरूमच्या खुर्चीत
मीच टाचा उचलून बसलो,
पाठ दाराकडं.