अंधाराचा फायदा घेऊन

विट्याच्या पालिकेत मी आवक-जावक बघतो.
पोलीस ठाणं आमच्या भिंतीला भिंत लावून.
त्यांच्या वायरलेसची खरखर माझ्या टेबलावर ऐकू येते,
आमच्या शिक्क्याचा दणका त्यांच्या कोठडीत जात असणार.
तरी एक पत्र इथून तिथं जायला
नऊ दिवस लागतात. मोजलेत मी.

मार्चमध्ये पहिलं आलं:
मागांच्या मागल्या बोळातील खांब क्रमांक सत्तेचाळीस बंद,
योग्य ती कार्यवाही व्हावी.
आम्ही कळवलं, दिवे शिल्लक नाहीत,
तोवर आपण गस्त वाढवावी.
त्यांनी कळवलं, मनुष्यबळ अपुरं,
तोवर आपण दिवा लावावा.
जूनमध्ये स्मरणपत्र एक, ऑगस्टात दोन.
भाषा दोन्हीकडून अतिशय नम्र.
सविनय. आपला विश्वासू.

कांड्या भरणाऱ्या बायका रात्री दहाला सुटायच्या
आणि त्या बोळातून मोठमोठ्यानं बोलत जायच्या,
घरी वाट बघणाऱ्या, मुळात नसलेल्याच
धिप्पाड दिरांबद्दल.
मला वाटायचं, दिवसभर मागाच्या खडखडाटात
ओरडून बोलायची सवय लागली असेल.

भाद्रपदात एका रात्री आक्काताई लोखंडे
उरलेल्या कांड्यांपायी मागं राहिली, एकटीच निघाली.
डोरलं गेलं. कानाची पाळी फाटली.
फिर्यादीची नक्कल माझ्याकडं आली,
खांबाची खातरजमा करून द्यावी म्हणून.
"अंधाराचा फायदा घेऊन अज्ञात इसमाने"
एवढ्यावरच मी थांबलो.

इसम अज्ञात होता.
अंधार नव्हता अज्ञात.
त्याला नंबर होता,
माझ्या रजिस्टरात, माझ्याच वळणदार अक्षरात,
चार वेळा.

त्या दिवशी कागदावर जावक नंबर टाकला नाही.
तसाच हातात धरून बाहेर आलो.
कडुलिंबाखाली चहाच्या गाड्यावर
हवालदार शबाना मुलाणी बशी फुंकत होती.
वाचून म्हणाली, "चोर आमचा, साहेब. शोधू.
अंधार कुणाचा?"
"आमचा," मी म्हणालो.
वरच्या सहीशिवाय दिलेलं
माझं नोकरीतलं पहिलं उत्तर.

दिवा खरंच नव्हता.
दगडू वायरमननं पालिकेच्या पाटीवरचा काढला,
ज्याच्या उजेडात रात्रभर
फक्त आमचंच नाव वाचता येत होतं.
शिडी मांडवाला गेलेली.
मुलाणीनं गाडी आणून खांबाला भिडवली.
दगडू चपला काढून टपावर चढला, देवळात चढावा तसा,
आणि तिनं खालून त्याचे घोटे घट्ट धरले.
"सोडू नका बाई," तो म्हणत होता,
"आमच्या खात्यात विमा न्हाई."

दुसऱ्या रात्री दहाला आम्ही तिघं तिथंच उभे.
थोडं कौतुक व्हावं असंही मनात होतं, खोटं कशाला बोलू.
बायका आल्या. उजेडात शिरताच
त्यांचा आवाज उतरला, दीर कुठल्या कुठं गेले.
कानाला पट्टी लावलेली आक्काताई
आधी दिव्याकडं बघून मग आमच्याकडं वळली.
"सहा म्हयनं कुठं हुता?"

मी मुलाणीकडं बघितलं, मुलाणीनं माझ्याकडं.
ती पत्रं अशीच बघत असतील एकमेकांकडं.

डोरलं अजून सापडलेलं नाही.
फाईलवर "कार्यवाही पूर्ण" लिहा म्हणून दोनदा निरोप आला.
दर सोमवारी आता आम्ही बायकांसोबत चालतो,
मुलाणी, दगडू आणि मी, रजिस्टर काखेत मारून.
त्यांना खांबांचे नंबर ठाऊक नाहीत.
त्या सांगतात,
म्हसोबाच्या वळणावरचा.
पिठाच्या गिरणीमागं, जिथं कुत्री भुंकायची थांबतात तिथला.
सुलीला शाळा सोडावी लागली तो.

यासाठी रजिस्टरात रकाना नाही.
मी समासात लिहून घेतोय.