सातला पाच कमी

आधी माऊसचा बाण अडकतो,
मग आकडे, मग कोपऱ्यातलं घड्याळ.
द्वारकी चोगलेचे वीस रुपये लिहिताना
दोन उमटतो, शून्य येत नाही.
पिग्मीची वही मांडीवर घेऊन मी
त्या शून्याची वाट बघत बसते.

दाभोळात कोणी म्हणतं हँग झाला, कोणी म्हणतं बसला.
नवरा म्हणतो, दातखीळ.

सगळे करतात ते सगळं मी केलं.
बटण दाबून धरलं, प्लग काढला, फुंकला, लावला.
जुने फोटो पुसले, त्यात एक बारसंही गेलं.
उठला की तो दरवेळी सांगायचा,
आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेल मेलेला, दुसरं काही नाही.
पण रोज संध्याकाळी त्याला हाताला धरून
एवढी वर्षं चालवत आणायचं,
आणि मगच पावत्या.

नवरा फेरीबोटीच्या इंजिनावर असतो.
त्याने डब्याला कान लावला. ‘दम लागतोय याला.’
चारातले दोन स्क्रू खाऱ्या हवेने धरलेले,
त्यांना खोबरेल पाजलं, रात्रभर थांबलो.
आत पंख्याच्या जाळीवर कुंभारणीचं घर,
मातीचं, नीट लिंपलेलं,
आमच्या पडवीहून बरं.
रिकामंच होतं, तरी त्याने सुरीच्या टोकाने
अख्खं सोडवलं आणि खिडकीत ठेवलं.
मी रॅमच्या पट्टीला खोडरबर घासला,
दातांवरचं हिरवं गेलं, सोनं दिसलं.

चालला. दोन दिवस.

मग चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीने दापोली.
होडेकरांच्या शफाअतने आठ दिवस चालू ठेवला.
‘एकदा पण नाय अडकला, काकी.’
सेल बदलल्याचे पैसे घेतले, बाकी काही घेईना.
मला लाज वाटली,
दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तशी.
घरी आणला, लावला,
त्याच संध्याकाळी दातखीळ.
तारीख मात्र आता खरी सांगत होता.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या, झापांखाली गेल्या.
दोन महिने तो एकदाही अडकला नाही.
श्रेय मी खोडरबराला दिलं,
शेजारणीलाही एक नेऊन दिला.
मग खाडीत नारळ पडले, होड्या सुटल्या,
आणि द्वारकीचं शून्य पुन्हा आलं नाही.

त्या दिवशी नवरा लवकर घरी होता.
पडद्याकडे त्याने बघितलंच नाही.
वर बल्बकडे बघत राहिला.
बल्ब पिवळा पडला होता, काजूच्या बोंडासारखा.
‘गप. ऐक.’
खालून, बंदरावरून,
बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर
धापा टाकत उठत होता.

सात वाजता. रोज. बंदीचे दोन महिने सोडून.

म्हणजे तिथे डब्यांत पाणी गोठायला लागतं
तेव्हा इथे माझा हिशेब गोठतो.
एकाच तारेवरचे आम्ही.
आणि त्याच बर्फात द्वारकीची सुरमई
सकाळपर्यंत ताठ राहते,
तिच्यातलेच हे वीस.
कोणावर ओरडायचं?

स्टॅबिलायझरची किंमत विचारून आलोय.
दिवाळीनंतर बघू, असं दोघंही म्हणतो.
तोवर सातला पाच कमी असताना
असेल तिथे सेव्ह करते, हात काढून घेते,
पडवीत येऊन उभी राहते.
धोपाव्याची फेरी दिवे लावून निघालेली असते.
खिडकीतल्या त्या मातीच्या घराला
परवा कोणीतरी नवा गिलावा केलाय.

मागे बल्ब पिवळा होतो,
थोडा वेळ तसाच राहतो,
पांढरा होतो.
मी आत जाते, शून्य लिहिते.