रेषेवरचा चेंडू

पहाटेच हसुरामकाका फक्की मारून ठेवतो.
पत्र्याचा डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं,
सुतळी न लावता सरळ चालत जातो.
करावे गावचं मैदान, साडेसातला मुलींची मॅच.

मी लाइनवर. हातात पिवळं निशाण,
खिशात नियमांचं पुस्तक, घामाने फुगलेलं.

हाताला लागला की फाउल, पण नेहमीच नाही.
थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो,
हे दर रविवारी कुणाला तरी सांगावं लागतं.
आपल्याच पोरीने पायाने मागे दिलेला चेंडू
गोलकीपरने हातात घ्यायचा नाही;
डोक्याने दिला तर चालतो.
का, ते तन्मयीने विचारलं.
मलाही नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या हाफात बोंब उठली : आउट! आउट!
निशाण मी खालीच ठेवलं.
चेंडू अख्खा पलीकडे जायला हवा.
केसभर रेषेवर असला तरी आतच.
रेषा मैदानाचीच असते.

मॅच संपल्यावर काका आला, बोटांना चुना.
"म्हंजे रेघेवर हाय तो आत?"
"आत."
"पुस्तकान लिवलंय?"
पान काढून दिलं.
चष्मा नव्हता, तरी बराच वेळ बघत राहिला.

गावठाणाची मोजणी झाली तेव्हा
टेप त्याच्या घरातून गेली होती.
ओटी आत, चूल अनधिकृत.

"त्या सायबाला
ह्यो नियम कोनी सांगला नाय."

मग डबा उचलून गेला.
पुढची मॅच नऊला,
आणि पोरींनी पाय घासून
पेनल्टीचा ठिपका पार पुसून टाकला होता.