ळ

दिवाळे मच्छीमार सोसायटीच्या लॅपटॉपने
रविवारी विचारलं, नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का?
माझ्या एका हातात पोह्यांची बशी. दुसऱ्या हाताने मी 'हो' दाबलं.
पाऊण तास रेघ सरकत राहिली
आणि पडद्यावरून ळ गेला.

बाकी बाराखडी जागच्या जागी.
सभासद यादीत एकशे बारा आडनावांच्या मधोमध
एकेक रिकामा चौकोन,
आणि चौकोनापुढे वेलांटी,
खुंटी पडली तरी लोंबत राहिलेल्या टोपीसारखी.
जाळं नाही, गाळ नाही, मासोळी नाही.
लेटरहेडवर तर गावच अर्धं.

सोमवारी वायफाय गेलं. मंगळवारी बाण आपोआप पळायला लागला.
डिझेल परताव्याचे अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचे होते.

सेक्टर पंधरामधला दुकानदार म्हणाला,
"फॉरमॅट. अठराशे. डेटाची गॅरंटी नाही."
गॅरंटी नसणं मला घरबसल्या फुकट जमलं असतं.
मी परत आले.

पेनड्राइव्ह भाच्याचा.
त्यात त्याच्या बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ, अडीच तासांचा.
"मावशे, हळद पुसू नको हां."
हळद त्याच्या फोनमध्ये हलवली,
रिकाम्या पेनड्राइव्हवर नवी प्रणाली चढवली,
आणि रात्री साडेदहाला सोसायटीच्या खोलीत
बर्फाच्या पेटाऱ्यावर लॅपटॉप ठेवून बसले.

भाषा? यादीत मलयाळमच्या खालीच मराठी.
शेजारणीचा ळ शाबूत होता.
कळफलक? आजमावायला एक कोरी पट्टी दिली होती.
दाबला. आला.
ळळळळळ
खिडकीतल्या मांजरीने एकदा बघितलं आणि पुन्हा पाय चाटायला घेतला.

तुम्ही कुठे आहात?
नकाशावर खाडीच्या तोंडाशी बाण नेला,
तो म्हणाला, कोलकाता.
बरं. असेल.
भरती त्याला विचारून येत नाही.

डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. हे मागे घेता येणार नाही.
आमच्या एकाही ठरावात इतकं स्पष्ट वाक्य नाही.

तीन वाजता यादी परतली, पावत्या परतल्या, अर्ज परतले.
दिवाळे, पूर्ण.
मी चहा ओतला आणि बशी तशीच हातात राहिली.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक फाइल असायची:
जोमा नाखव्याने एका संध्याकाळी सांगितलेली
खाडीतल्या जागांची नावं.
कॉपी करताना मी कपाट उचललं.
ती दाराबाहेरच्या चपलांसारखी बाहेरच राहिली होती.

सकाळी सांगायला गेले.
नाखवा सुईत नायलॉन ओवत होता. मान वर केली नाही.
"पुसला त पुसला. मी हाय ना. लिही."

काळखडप. उभी गाळण. बगळ्याची मांडी.
गेल्या खेपेला अकरा होती, या खेपेला नऊच झाली.
दोन तो विसरला,
की अकरा होती हेच मी चुकीचं धरून बसले होते?
मग सुई खाली ठेवली आणि दहावं सांगितलं,
जे त्याने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं,
कारण तिथे चिंबोऱ्या ढीगभर.
"आता तिथं पुलाचा खांब आयलाय. लिही, काय हरकत नाय."

आतून चांगुणाकाकी ओरडली,
"त्याचा नाव तो नाय!"
तिने दुसरं सांगितलं. दोघं भांडले.
मी मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहिली.

घरी येऊन टाइप केलं. ळ नऊ वेळा आला, मी मोजले.
फाइलच्या तीन प्रती केल्या.
तिसरी भाच्याच्या पेनड्राइव्हवर,
परत आलेल्या हळदीच्या शेजारी.